रक्ताचा दाब आणि शेतकऱ्याचे श्रम

शेतांत राबणाऱ्या माणसास वैद्याची गरज सहसा लागत नाहीं, अशी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. मेढ्याच्या भागांत ती विशेष दृढ असावी यांत नवल नाहीं. वेण्णेच्या कांठचीं भातखाचरें, त्यांच्या वरच्या अंगास नाचणी-वरीचीं उतारावरचीं शेतें आणि त्याहून वर कुरण व रान, अशा या जावळीच्या मुलखांत शेतावर जावयाचें तर चढ चढावा लागे, आणि परतावयाचें तर डोक्यावर भारा असे. ज्याचा दिवस असा जाई त्याला निराळा व्यायाम कशास पाहिजे, असें कोणीहि म्हणेल. परंतु हीच समजूत आज आपला घात करूं लागली आहे. तो घात कसा होतो आणि तो टाळावा कसा, हें शेतकरी बंधूंच्या नजरेस आणावें याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतों. प्रस्तुत लेखकाचे थोरले बंधु त्या वेळीं ५८ वर्षांचे होते. अंगकाठी सडपातळ, खाणें बेताचें, व्यसन म्हणावें तर तंबाखूचें. आरोग्यसेविका गांवांत तपासणीस आली तेव्हां त्यांचा दाब १७२ वर १०४ निघाला. गोळ्या मिळाल्या, महिनाभर घेतल्या. पुढें डोकें दुखत नाहीं, चक्कर येत नाहीं, मग गोळी कशाला, म्हणून सोडून दिल्या. "रोज खाचरांत राबणाऱ्याला कसला आला आहे दाब?" हें त्यांचें उत्तर. दीड वर्षानें, आषाढांत लावणीच्या ऐन घाईंत, बांधावर उभे असतां त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वांकडें झालें आणि शब्द फुटेना. वारें लागलें असेल म्हणून घरच्यांनीं तेल चोळण्यांत सकाळ घालविली. साताऱ्यास पोंचेपर्यंत जी वेळ हातची जाऊं द्यावयाची नव्हती ती गेली होती. जीव वांचला, उजवा हात मात्र परत आला नाहीं. त्यांच्या वांट्याच्या चार खाचरांपैकीं दोन त्या वर्षीं पड राहिलीं, बैलजोडी विकावी लागली, आणि मुंबईस असलेला मुलगा रजेवर रजा काढून शेवटीं नोकरीस मुकला. एका माणसाचा दाब एका माणसापुरता राहत नाहीं; तो सगळ्या प्रपंचावर पडतो, हें आम्हांस त्या वर्षीं समजलें.

दाब म्हणजे काय?

ज्यानें नदीवरून नळ टाकून वरच्या शेतास पाणी चढविलें आहे त्यास ही गोष्ट समजावयास कठीण नाहीं. पंप जोर लावतो, त्या जोरानें पाणी नळाच्या बाजूंवर रेटा देतें, आणि त्या रेट्यावरच तें पुढें जातें. आपलें हृदय हा असाच पंप आहे. तें मिनिटास सुमारें ७० वेळां, म्हणजे दिवसांत सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें. आकुंचनाच्या क्षणीं धमन्यांवर जो रेटा पडतो तो वरचा आंकडा, आणि दोन ठोक्यांमधील विसाव्याच्या क्षणीं जो उरतो तो खालचा आंकडा. नळ अरुंद झाला, आंतून क्षार बसून कठीण झाला किंवा पंपाचा जोर नको तितका वाढला, तर रेटा वाढतो. मग कधीं सांधा फुटतो, कधीं पंप जळतो. शरीरांत यालाच अर्धांगवायु, हृदयाचा झटका आणि मूत्रपिंडाचा नाश असें म्हणतात.

हा रेटा मोजण्याचा पहिला प्रसिद्ध प्रयोग जनावरावरच झाला, हें शेतकऱ्यांस कौतुकाचें वाटेल. इंग्लंडांतील स्टीफन हेल्स या पाद्र्यानें एका घोडीच्या धमनींत कांचेची लांब नळी बसविली, तेव्हां रक्त त्या नळींत आठ फुटांहून अधिक उंच चढलें. हा वृत्तांत त्यानें १७३३ सालीं प्रसिद्ध केला. पुढें १८९६ सालीं इटलीच्या रिवा-रोची यानें दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या साह्यानें दाब मोजण्याची सोपी रीति काढली, आणि १९०५ सालीं कोरोत्कोव्ह या रशियन वैद्यानें नळी कानास लावून दोन्ही आंकडे ओळखण्याची युक्ति तिला जोडली. आजहि आंकडा पाऱ्याच्या उंचीच्या मिलिमीटरांतच सांगतात. १२० वर ८० च्या आंतबाहेरचा दाब चांगला समजावा. निरनिराळ्या दिवशीं, शांतपणें मोजूनहि तो १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला, तर तो विकार समजून इलाज केला पाहिजे. दोहोंपैकीं एकच आंकडा वाढलेला असला तरी तो वाढलेलाच समजावयाचा.

या विकाराचें मुख्य कपट हें कीं, तो बहुधा कांहींच लक्षण दाखवीत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, १५ वर्षांवरील वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २१.३ आणि पुरुषांपैकीं शेंकडा २४ जणांचा दाब वाढलेला किंवा त्यावर औषध चालू असलेला आढळला. म्हणजे चार-पांच माणसांमागें एक. घरांत सहा प्रौढ माणसें असलीं तर हिशेब ज्याचा त्यानेंच करावा.

श्रम करूनहि विकार कां होतो?

हा रोग शहरांतील सुखवस्तु लोकांचा, असें कोणी म्हणेल तर त्यानें गडचिरोलीकडे पाहावें. तेथें डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें ८६ गांवांतील मृत्यूंचीं कारणें बारकाईनें तपासलीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत अर्धांगवायु हें मृत्यूचें पहिल्या क्रमांकाचें कारण ठरलें. सात मृत्यूंपैकीं सुमारें एक त्याचा होता. गडचिरोलीचा खेडुत कांहीं गादीवर बसून खाणारा नव्हे. तेव्हां केवळ राबतों म्हणून सुटलों, हा हिशेब चुकीचा आहे.

याचीं कारणें तीन दिसतात. पहिलें हें कीं, आपले श्रम आपणांस वाटतात तितके आतां राहिलेले नाहींत. मोटेच्या जागीं पंप आला, नांगराच्या जागीं पॉवर टिलर आला, जात्याच्या जागीं गिरणी आणि उखळाच्या जागीं भातगिरण आली. शेतावरची पायवाट दुचाकीनें गिळली. हीं सर्व सुखें आहेत, तीं टाकून द्यावीं असें आमचें म्हणणें नाहीं; परंतु त्यांनीं वांचविलेले श्रम शरीराच्या खात्यावर दुसऱ्या कोणत्या रूपानें जमा झाले, हें कोणी पाहत नाहीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड व चंदीगड येथें केलेल्या आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत खेड्यांतील शेंकडा ५० प्रौढ माणसें पुरेशी हालचाल न करणारीं आढळलीं. शहरांत हें प्रमाण ६५ होतें. म्हणजे खेडें शहरापासून फार दूर राहिलेलें नाहीं.

दुसरें कारण असें कीं, शेतीचे श्रम हंगामी असतात. लावणीचे तीन आठवडे आणि कापणी-मळणीचे दिवस कंबर मोडेपर्यंत काम, आणि मध्यंतरी पुष्कळसा रिकामपणा. व्यायामानें आलेला गुण मात्र सांठवणीचा नाहीं; तो कणगींत भरून ठेवतां येत नाहीं. हालचाल थांबली कीं कांहीं आठवड्यांतच तो ओसरूं लागतो. चार महिने स्वस्थ बसलेल्या पन्नाशीच्या माणसानें एकाएकीं पहांटेपासून चिखलांत वांकून राबावें, हें आडांत उभ्या असलेल्या बैलास एकदम भरल्या गाडीस जुंपण्यासारखें आहे.

तिसरें कारण अधिक विचार करण्याजोगें आहे. सर्वच श्रम शरीरास सारखे मानवत नाहींत. लंडनमध्यें जेरी मॉरिस या वैद्यानें १९५३ सालीं दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां जिने चढून-उतरून तिकिटें देणाऱ्या वाहकांस हृदयविकार कमी होत असे. हे श्रम चालण्याचे, लयीचे, मध्यें विसांवा असलेले होते. उलट कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक माणसांच्या अभ्यासांत (२०२१) असें दिसलें कीं, फावल्या वेळांत केलेल्या हालचालीनें हृदयविकाराचा धोका कमी असतो. पण पोटासाठीं दिवसचे दिवस केलेल्या जड श्रमांबरोबर तो वाढलेला आढळतो. जड ओझें उचलतांना श्वास कोंडला जातो आणि तेवढ्या क्षणापुरता दाब एकदम वर चढतो. विसांवा नसेल तर शरीरास तो उतरवावयास अवधि मिळत नाहीं. आपल्या जावळीचे कितीतरी तरुण मुंबई व नवी मुंबई येथील बाजारांत माथाडी म्हणून पाठीवर पोतीं वाहतात. त्यांची छाती रुंद दिसते म्हणून त्यांचा दाब मोजावयाचा राहूं नये.

वय वाढतें तसा दाब वाढलाच पाहिजे काय?

वाढत्या वयाबरोबर धमन्यांचा लवचीकपणा जातो आणि वरचा आंकडा चढत जातो. खालचा आंकडा साधारण पन्नाशी-साठीपर्यंत वाढून पुढें उतरूं लागतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांत पुष्कळदां १६० वर ८० असा दाब सांपडतो, आणि खालचा बरा आहे असें समजून लोक निश्चिंत राहतात. तें बरोबर नाहीं. वरचा आंकडा एकटाच चढला तरी अर्धांगवायूस तो पुरेसा आहे. स्त्रियांत विटाळ गेल्यानंतर दाब वेगानें वाढूं लागतो, म्हणून पन्नाशीच्या आसपास त्यांची तपासणी विशेष अगत्याची आहे.

तथापि ही वाढ अटळ आहे असें मात्र नव्हे. १९८८ सालीं ३२ देशांतील ५२ ठिकाणांची जी मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तींत ब्राझीलच्या अरण्यांतील यानोमामी लोकांत वयाबरोबर दाब वाढतच नाहीं असें आढळलें. ते लोक मीठ जवळजवळ खात नाहींत, आणि त्यांचें सर्व आयुष्य चालण्या-फिरण्यांत जातें. आपण अरण्यवासी होऊं शकत नाहीं. परंतु दाब हा वयाचा नसून बऱ्याच अंशीं राहणीचा परिणाम आहे, एवढा बोध यांतून घेतां येतो.

तीन वयें, तीन रीति

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं घालून दिलेलें प्रमाण असें: प्रौढ माणसानें आठवड्यांत १५० ते ३०० मिनिटें मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोराची हालचाल करावी, आणि निदान दोन दिवस स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे किती, याची खूण सोपी आहे. चालतांना सोबत्याशीं बोलतां यावें, पण अभंग गातां येऊं नये. अशा नियमित व्यायामानें दाब वाढलेल्या माणसाचा वरचा आंकडा सरासरी ५ ते ८ नें उतरतो. ही उतार लहान वाटेल. परंतु अर्धांगवायूची भीति तेवढ्यानेंहि बरीच कमी होते.

१८ ते ४० वर्षें. या वयांत शरीर सर्व सोसतें, म्हणून निष्काळजीपणा येतो. सूर्यनमस्कार, कुस्ती, कबड्डी, पळणें, यांपैकीं जें आवडेल तें करावें. २०१२ पासून साताऱ्याहून यवतेश्वराच्या घाटांत जी डोंगरी अर्ध-मॅरेथॉन धांवतात तिच्यामुळें पळण्याची आवड आपल्या भागांतहि पुष्कळ वाढली आहे. मात्र सराव नसतां घाटांत उडी घेऊं नये. शेत एका मैलाच्या आंत असेल तर दुचाकी घरीं ठेवावी. वयाची ३० वर्षें झालीं कीं प्रत्येकानें दाब मोजून घ्यावा. सरकारी तपासणी त्याच वयापासून होते.

४० ते ६० वर्षें. खरा धोका याच वयांत घर करतो. जमिनीचा मालक या वयांत हातानें काम करण्याऐवजीं उभा राहून करून घेऊं लागतो, पोट सुटतें, आणि गांवच्या कारभारांत चहा, तंबाखू व बैठकी वाढतात. यानें आठवड्यांतून पांच दिवस, रोज अर्धा तास भरभर चालावें. एकदम न जमल्यास सकाळीं १५ व संध्याकाळीं १५ मिनिटें चालावें. तेंहि लागू पडतें. हंगामाच्या आधीं महिनाभर अंग हळूहळू कामास लावावें. भिंतीस पाठ टेकून गुडघे वांकवून अर्धवट बसल्यासारखें स्थिर राहण्याचा व्यायामहि दाबावर गुणकारी आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या २७० प्रयोगांच्या एकत्र तपासणींत अशा स्थिर व्यायामांचा गुण सर्वांत अधिक दिसला. दोन-दोन मिनिटें, मध्यें विसांवा घेऊन चार वेळां, आठवड्यांतून तीन दिवस करावा. मात्र श्वास कोंडूं नये.

घरांतील स्त्रियांनीं तर दिवसभर कामच केलें, मग त्यांना निराळें कशाला, असें म्हणूं नये. चूल, गोठा व भांगलणी यांत त्या वांकून व उकिडव्या बसून राबतात. मोकळ्या हवेंत सलग चालणें त्यांच्या वांट्यास क्वचितच येतें. तो अर्धा तास त्यांना मिळवून देणें हें घरच्या कर्त्या पुरुषाचें काम आहे.

साठीनंतर. "आबा, आतां तुम्हीं बसा," असें मुलें प्रेमानें म्हणतात, आणि तें प्रेमच घातक ठरतें. म्हाताऱ्यानें बसूं नये. जड ओझें सोडावें, पण चालणें सोडूं नये. परसांतील भाजी, गुरें सोडणें-बांधणें, देवळापर्यंत जाऊन येणें, हीं कामें त्याचीच राहूं द्यावीं. याखेरीज आठवड्यांतून तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा: हाताचा आधार न घेतां खाटेवरून उठावें-बसावें, भिंत धरून एका पायावर उभें राहावें. दाबाच्या गोळ्या चालू असतां एकदम उठल्यानें डोळ्यांपुढें अंधारी येते. म्हणून आधीं बसावें, मग उठावें. लघवी वाढविणारी गोळी चालू असेल त्यानें वैशाखाच्या उन्हांत काम करूं नये, आणि अशक्तपणा वाटल्यास वैद्यास सांगावें. आळंदीच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांनीं निदान महिनाभर आधीं रोज चालण्याचा सराव ठेवावा, आणि वाटेंत औषध चुकवूं नये.

ज्याचा दाब १८० वर ११० च्या घरांत आहे, किंवा चालतांना ज्याच्या छातींत दुखतें वा दम लागतो, त्यानें आधीं वैद्यास दाखवावें, व्यायाम नंतर.

मीठ, मशेरी आणि गोळी

एकट्या व्यायामानें सर्व होत नाहीं. दिवसाकाठीं ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढेंच मीठ सर्व मिळून पोटांत जावें. लोणचें, पापड, खारे शेंगदाणे व ठेचा यांतून याच्या दुप्पट मीठ नकळत जातें. मशेरी लावणें व तंबाखू खाणें यांनीं प्रत्येक वेळीं दाब चढतो आणि हृदयविकाराचें भय वाढतें. आपल्या माताभगिनींनीं मशेरीस दंतमंजन समजूं नये. दारूविषयीं निराळें सांगणें नको.

औषधाच्या बाबतींत आपल्याच प्रांतानें जगास एक देणगी दिली आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेच्या मुळीचा वाढत्या दाबावर होणारा गुण इंग्लंडांतील हृदयविकारावरील मासिकांत प्रसिद्ध केला, आणि या वनस्पतीकडे पाश्चात्य वैद्यांचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रेसरपिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. परंतु सर्पगंधा बांधावर उगवली म्हणून आपल्या मतानें उगाळून घेऊं नये. तिनें मन खिन्न होतें, दाब नको तितका उतरतो. आज तिच्याहून निर्धोक गोळ्या मिळतात.

केंद्र सरकार, वैद्यकीय संशोधन परिषद व जागतिक आरोग्य संघटना यांनीं राज्य सरकारांच्या साह्यानें दाबाच्या नियंत्रणाची जी योजना २०१७ सालीं हातीं घेतली, तिच्या पहिल्या टप्प्यांत महाराष्ट्रांतील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा व वर्धा या जिल्ह्यांची निवड झाली होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यास ही सोय इतरांच्या आधीं मिळाली. सरकारी दवाखान्यांत तपासणी व ठरलेल्या गोळ्या विनामूल्य मिळतात. मेढ्यास ग्रामीण रुग्णालय आहे. अडचण गोळीची नाहीं. ती मध्येंच सोडण्याची आहे. पीक हिरवें दिसूं लागलें म्हणून कोणी पाणी तोडीत नाहीं. दाब उतरला तो गोळीमुळें उतरला; तो उतरला म्हणून गोळी सोडणें हें तसेंच आहे. व्यायामानें व मीठ कमी केल्यानें गोळी कमी करणें शक्य होतें, पण तें वैद्यानें ठरवावें.

मोजण्याचीहि रीति आहे. चढ चढून आल्याबरोबर दाब मोजूं नये. पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें, पाय जमिनीस टेकलेले असावेत, हात हृदयाच्या उंचीवर असावा, अर्धा तास आधीं चहा किंवा तंबाखू घेतलेली नसावी, आणि दोनदां मोजून आंकडा वहींत तारखेसह लिहावा. जो शेतकरी उसाची टनांत व दुधाची लिटरांत नोंद ठेवतो त्यास हें जड जाऊं नये.

शेवटीं एक गोष्ट, आमच्या घरच्या चुकीवरून. तोंड एका बाजूस वांकडें होणें, एक हात उचलतां न येणें, बोलणें अडखळणें, यांपैकीं एकहि दिसलें तर तेल, लेप, अंगारा यांत क्षणहि घालवूं नये. रक्ताची गांठ विरघळविणारें औषध साडेचार तासांच्या आंतच द्यावें लागतें. १०८ वर दूरध्वनि करावा आणि मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी.

बंधु आतां डाव्या हातानें जेवतात. रोज सकाळीं काठी घेऊन वेण्णेच्या कांठानें पडीक खाचरांपर्यंत चालत जातात आणि गोळी चुकवीत नाहींत. गेल्या वर्षीं त्या दोहोंपैकीं एक खाचर पुन्हां लावणीखालीं आलें. दुसरें अजून पड आहे. ज्यांचीं खाचरें अद्याप पड पडलेलीं नाहींत, त्यांनीं हा अंक मिटून ठेवण्यापूर्वीं आपला दाब शेवटीं कधीं मोजला होता हें आठवून पाहावें. आठवत नसेल तर येत्या बाजाराच्या दिवशीं प्रथम दवाखान्यांत जावें, आणि घरच्या मालकिणीसहि बरोबर न्यावें.